खाडीपलीकडच्या सिस्टर

इंगळे सिस्टर कुठेही निघाल्या की आधी आमच्या फाटकावर छत्रीची मूठ वाजवायच्या. ऊन असो, पाऊस असो, यातलं काहीच नसो, छत्री हातात असायचीच. मी बाहेर येईपर्यंत त्या उभ्या राहायच्या आणि मग सांगायच्या, "वैशू, मी बाजारात जाऊन राहिली. मेथी पाहतो, संत्री पाहतो न् येतो." मी बरं म्हटलं की चालू पडायच्या. तुझ्यासाठी काही आणू का, असं त्यांनी कधी विचारलं नाही आणि मीही कधी काही सांगितलं नाही. परतल्या की पुन्हा मूठ वाजायची. "आली वं!" एवढंच. मग त्या शेजारच्या आपल्या घराचं कुलूप उघडायच्या.

सुरुवातीला मला याचा रागच यायचा. त्यांच्या या येण्याजाण्यापायी माझं दूध कितीदा उतू गेलं, गणती नाही. सुधीर, म्हणजे माझा नवरा, पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचा, "सिस्टर हजेरी लावून गेल्या." एकदा आम्ही भातकुलीला एका लग्नाला गेलो होतो. संध्याकाळी अकोल्याला परतलो तर सिस्टर आमच्या पायरीवर बसलेल्या, मांडीवर रिकामी पिशवी.

"अहो, बाजारात नाही गेलात?"

"कोणाले सांगून जाऊ? तुमी नव्हते ना."

त्यात तक्रार नव्हती. दुकान बंद होतं, असं सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं. मी म्हटलं, "आमच्या वरच्या मजल्यावर कॉलेजची मुलं राहतात, त्यांना सांगायचं." तर म्हणाल्या, "त्याईच्या कानात चोवीस तास बोंडं कोंबलेले असतात. त्याईले काय सांगू?" कपाशीच्या मुलखातल्या बाईला इअरफोन म्हणजे बोंडंच दिसणार.

त्यांचं नाव प्रमिला, पण ते फक्त विजेच्या बिलावर असावं. बार्शीटाकळी तालुक्यातल्या एका आडगावच्या आरोग्य उपकेंद्रात त्या नर्स होत्या. आसपासची गावं पायी फिरायची, गरोदर बायका तपासायच्या, पोरांना लसी द्यायच्या, हेच काम. निवृत्त होऊन अकोल्याला स्वतः बांधलेल्या घरात येऊन राहिल्या तरी चालणं सुटलं नाही. ऑटोवाला थांबला की त्याला म्हणायच्या, "जाय बापा, मले पाय हायेत." नोकरीभर पांढरी साडी नेसावी लागली म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी कपाटात पोपटी, केशरी, राणी असे डोळे दिपवणारे रंग भरले होते. एवढ्या भडक साड्या कशाला, असं एका शेजारणीनं म्हटलं, तेव्हा उत्तर मिळालं, "जन्मभर पांढरंच नेसली. आता होळी खेळू द्या ना मले."

दुसरी सवय भयंकर होती. कुठलीही बाई भेटली की तिच्या डोळ्याखालची पापणी अंगठ्यानं खाली ओढून आत पाहायचं. ओळख असण्याची गरज नव्हती. आमच्या पुतणीच्या लग्नात अक्षता टाकायला म्हणून स्टेजवर गेल्या आणि नवरीच्या दोन्ही पापण्या ओढून पाहून आल्या. "पांढरी पडली हाय पोट्टी. गूळ-शेंगदाणे खाऊ घाला, मंग हनिमूनले धाडा." व्हिडिओवाल्यानं ते सगळं टिपलं. नवरीकडची मंडळी हसली, नवऱ्याकडच्यांना हसावं की नाही ते कळेना. त्या पुतणीनं पुढे खरंच तपासणी करून घेतली आणि गोळ्या सुरू केल्या, हे मात्र सांगायला हवं.

निघताना सांगून निघायची रीत त्यांना काशीबाई नावाच्या म्हाताऱ्या सुईणीनं लावली. उपकेंद्राच्या गावात सिस्टर नव्या आल्या तेव्हा सगळ्यांना वाटलं, ही शिकलेली पोरगी म्हातारीचं काम बंद पाडणार. म्हातारीनं मात्र पहिल्याच दिवशी येऊन सांगितलं, "पोरी, कुठी निघशीन त मले सांगून निघजो. मंधात नाले हायेत. नाला काई तुले ओळखत नाई." तेव्हापासून काशीबाई ओट्यावर बसून राहायची. सिस्टर अंधार पडल्यावर आल्या तर आधी शिव्या, मग भाकर. म्हातारी गेली त्यानंतर सिस्टर गिरणीवाल्याला सांगू लागल्या, गिरणी बंद असली तर शाळेतल्या बाईंना. "पण ते म्हातारीसारखं नव्हतं वं. ते आईकून घेत. म्हातारी बसून राहे." हे त्या मला अनेकदा सांगत, आणि प्रत्येक वेळी "बसून राहे" याच्यावर आवाज जरा खाली यायचा.

लग्न झालं होतं. वर्षभरात मोडलं. त्याविषयी मी फक्त एकदा विचारलं. त्या शेंगा फोडत होत्या. फोडायच्या न थांबता म्हणाल्या, "माणूस वाईट नव्हता. मारे नाई, पिये नाई. पण मी चार गावं फिरून घरी येवो न् त्यानं कधी इचारलं नाई, कुठी गेली होती." मग टरफलं सुपात गोळा करून त्या आत गेल्या.

नाल्याची एक गोष्ट त्यांची फार आवडती होती. पावसाळ्याचे दिवस, एका गावातून अडलेली बाई बैलबंडीत घालून तालुक्याला न्यायची होती. वर स्वच्छ ऊन, नाल्यात घोट्याएवढं पाणी. बंडी काठाशी आली आणि सिस्टरांनी बैलाची वेसण धरून ठेवली. नाला येतो त्या पातूरच्या अंगाला आभाळ काळं होतं. सासू शिव्या देत होती, बाईच्या नवऱ्यानं बैल हाकायची तुतारी उगारली, पण यांनी वेसण सोडली नाही. मग वरून घरघर ऐकू आली आणि पाण्याची तांबडी भिंतच्या भिंत समोरून निघून गेली. बाई शाळेच्या व्हरांड्यात बाळंत झाली. त्या वेळी झालेली मुलगी आता दोन लेकरांची आई आहे आणि दर संक्रांतीला तिळगूळ घेऊन अकोल्याला यायची. तिचीही पापणी ओढली जायचीच.

"नाल्याकडं नाई पाहाचं," सिस्टर शिकवायच्या. "नाला जिकडून येते तिकडं पाहाचं. तिकडं आभाळ मोकळं असन त खुशाल उतराचं. न् एकदा का नाला आला, त काठावर बसाचं. उतरेलोक बसाचं. आलेल्या नाल्यात पाय नाई घालाचा." मी अकोल्याच्या डांबरी रस्त्यावर राहणारी, मला या ज्ञानाचा काय उपयोग? तरी मी हो हो म्हणायची.

एका हिवाळ्यात सुधीरनं कोकणात जायचं काढलं. समुद्राकाठच्या एका छोट्या गावात राहायचं आणि एक अख्खा दिवस कड्याकडेनं पायी चालायचं, असा त्याचा बेत. चालायचं म्हटल्यावर सिस्टरांना न विचारणं शक्यच नव्हतं. त्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता. विचारायचा अवकाश, बाजारातून पांढरे स्पोर्ट शूज घेऊन आल्या आणि ते राणी रंगाच्या साडीखाली घालून आमच्या अंगणात चालून दाखवलं.

गाडीत त्या खिडकीशी बसल्या. शेगाव गेलं, भुसावळ गेलं, तरी शेंगांची पिशवी उघडली नाही. शेवटी मीच विचारलं. तेव्हा कळलं की भाच्यानं, मिलिंदनं, अमरावतीला कायमचं राहायला बोलावलंय. घर विका आणि या, असं दिवाळीपासून मागं लागलाय. परत गेलं की त्याला हो किंवा नाही सांगायचं होतं.

"मुलगा कसा आहे?"

"सोन्यासारखा. सूनबी चांगली हाय. तेच त."

"मग?"

"वैशू, ते घर माहं हाय. एकेक ईट माह्या पगाराची हाय. मनात येईन तवा कुलूप लावतो न् निघतो. तिथी गेली त मी त्याईच्या घरात." त्यांनी शेंगांच्या पिशवीची गाठ सोडली. "पण इथी मी राती मेली त सकाळी तुले दूधवाला सांगीन. सांग आता, काय करू?"

"तसं काही बोलू नका," असं आपण जे म्हणतो तेच मी म्हटलं. त्यांनी माझ्या हातावर शेंगा ठेवल्या.

आमच्याकडे उजाड काळी माती, म्हणून कोकणातला लाल रस्ता दिसताच त्यांची कळी खुलली. "हे मातीचं हिमोग्लोबिन पाहाय!" ज्यांच्या घरी आम्ही उतरलो त्या प्रभूकाकूंचीही पापणी पाणी द्यायच्या आत ओढली गेली. विदर्भात पाहुणे असंच करत असतील असं वाटून त्या बिचाऱ्या हूं की चूं न करता उभ्या राहिल्या. संध्याकाळी समुद्रावर गेलो. मी सिस्टरांच्या तोंडाकडे पाहत होते. पहिल्यांदा समुद्र पाहणारी माणसं काहीतरी बोलतात म्हणे. सिस्टर वाकल्या, ओंजळीत पाणी घेतलं, जिभेला लावलं. त्यांचं माहेर पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातलं. म्हणाल्या, "आमच्या मायच्या विहिरीपेक्षा थोडंसंच खारं हाय. उगाच नाव झालं याचं."

प्रभूकाकूंनी वाट समजावून दिली होती. टेकाडावर चढायचं, वरच्या सपाट सड्यावरून समुद्र डावीकडे ठेवून चालत राहायचं, मग खाली वाळूची पुळण, पुढे छोटी खाडी, खाडीपलीकडे देऊळ आणि वाडी. "खाडी पायी ओलांडतात, पण सकाळची," त्या म्हणाल्या. वऱ्हाडातल्या माणसाला सकाळी जा म्हटलं की त्याला एकच कारण सुचतं, ऊन. आम्हाला तिघांनाही तेच सुचलं आणि आम्ही उजाडताच निघालो.

सडा मी अजून विसरलेले नाही. गुडघ्याएवढं वाळलेलं सोनेरी गवत, मधे मधे काळे खडबडीत दगड, आणि डाव्या हाताला एकदम जमीन संपून खाली निळं पाणी. वारा असा की बोलणं तोंडातून निघायच्या आत पळवून न्यायचा. सिस्टर सगळ्यात पुढं. पदर खोचलेला, छत्री मिटलेली, चाल तीच बार्शीटाकळीची. मधेच थांबून कड्यावरून खाली पाहायच्या आणि आम्ही जवळ आलो की पुन्हा निघायच्या. एका ठिकाणी खूप वेळ उभ्या राहिल्या. मी विचारलं, काय पाहताय? "काई नाई वं. इतकं मोठं हाय न् कोणीच नाई. काशीबाई असती त म्हणली असती, पोरी, इथी कोणाले सांगून आली?"

पुळणीवर उतरलो तेव्हा सुधीरनं बूट काढले. नव्या बुटांनी टाचा सोलून निघाल्या होत्या. तो वाळूत बसला तो बसलाच, आणि त्याला टाकून मी जाणं बरं दिसेना. खाडीत जेमतेम घोट्याएवढं पाणी वाहत होतं.

"तुमी बसा," सिस्टर म्हणाल्या. "मी त्या देवळालोक जाऊन येतो. आली का जेवू."

बूट हातात घेऊन त्या पाण्यात उतरल्या. मधोमध थांबल्या, समुद्राकडे पाठ केली, आणि खाडी जिकडून येते त्या डोंगरांकडे डोळ्यांवर हात धरून नीट पाहून घेतलं. मग आमच्याकडे वळून ओरडल्या, "आभाळ मोकळं हाय! हा नाला आज काई येत नाई!" आणि पलीकडे गेल्या. राणी रंगाचा ठिपका माडांमध्ये शिरेपर्यंत आम्हाला दिसत होता.

भरती-ओहोटी आम्ही तिघंही शाळेत शिकलो होतो. चंद्र, पृथ्वी, आकृतीसुद्धा काढली होती. पण परीक्षेत लिहिलेलं पायाखाली येईल असं अकोल्याच्या माणसाच्या ध्यानात राहत नाही. सुधीरला आधी दिसलं ते एवढंच की वाळूत उमटलेली सिस्टरांची पावलं पुसली गेली होती. पाणी डोंगराकडून नव्हे, समुद्राकडून येत होतं. आमच्याकडचा पूर ओरडत येतो, इथं काही आवाजच नव्हता. ऊन छान पडलं होतं, आभाळात ढगाचा तुकडा नव्हता आणि खाडी नुसती रुंद होत चालली होती.

सिस्टर परत आल्या तेव्हा मधे एवढं पाणी होतं की त्यांचा चेहरा दिसत नव्हता, फक्त साडी दिसत होती. काठाशी येऊन त्यांनी छत्री पाण्यात खुपसून पाहिली. पुन्हा डोंगरांकडे पाहिलं. पुन्हा पाण्याकडे. त्या वेळी त्यांच्या मनात काय चाललं असेल याची मला कल्पना आहे. ज्याच्यावर आयुष्यभर विश्वास ठेवला ते आभाळ खोटं बोललं होतं. आम्ही हाका मारल्या, वाऱ्यानं त्या पोचू दिल्या नाहीत. मग त्या एका खडकावर बसल्या. नाला आला होता, तर उतरेपर्यंत बसायचं.

जवळच एक बाई कोयतीनं खडकावरची कालवं काढत होती. आमची धावपळ पाहून ती आली. "घाबरू नकात," ती म्हणाली, "सांजेक सुकती लागतली, मगे येतली ती." सुकती म्हणजे ओहोटी. पुलावरून यायचं तर रस्ता लांबचा, आणि ते त्यांना सांगणार कोण? "कोण ती तुमची?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "शेजारीण." म्हटलं खरं, पण तो शब्द फार तोकडा वाटला.

दुपार झाली. सिस्टर मधून मधून उठून छत्री वर करायच्या, मी ओढणी हलवायची. तेवढ्यानं त्यांचं समाधान होत असावं, कारण मग त्या पुन्हा बसायच्या आणि समुद्राकडे तोंड करायच्या. भूक लागली होती. डबा आमच्याजवळ होता: सिस्टरांच्याच हातच्या ज्वारीच्या भाकरी आणि मिरचीचा ठेचा. त्या तिकडे उपाशी आणि आपण त्यांच्या समोर बसून त्यांच्याच भाकरी मोडायच्या, हे काही बरं वाटेना. म्हणून आम्ही मागं सुरूच्या बनात आत जाऊन बसलो. अर्धी अर्धी भाकर खाल्ली, बाकीची झाकून ठेवली.

बाहेर आलो तर कालवंवाली बाई पाण्याच्या कडेला उभी राहून हात हलवत ओरडत होती. सिस्टर खाडीत होत्या. कमरेइतक्या पाण्यात, छत्री डोक्याच्या वर धरलेली, आणि आमच्याच दिशेनं येत होत्या. लाट आली की तिरप्या व्हायच्या, सावरून पुन्हा एक पाऊल टाकायच्या. मी काय ओरडले ते मला आठवत नाही. ओढणी हलवत गुडघाभर पाण्यात शिरले एवढं आठवतं. मी दिसताच सिस्टर जागीच थांबल्या. क्षणभर उभ्या राहिल्या. मग हळूहळू मागं मागं सरकत काठावर गेल्या आणि खडकावर जाऊन बसल्या. त्यानंतर मात्र सुधीर आणि मी तिथून एक पाऊल हललो नाही. उन्हात तोंडं करपली तरी.

सूर्य खाली आला तेव्हा पाणी उतरलं आणि सिस्टर सकाळच्यासारख्याच साडी खोचून खाडी ओलांडून आल्या. साडीवर मिठाचे पांढरे नकाशे उमटले होते. मला वाटलं, हसतील किंवा समुद्राला चार शिव्या देतील. त्यांनी माझं मनगट धरलं, नाडी बघताना धरतात तसं, आणि सोडलंच नाही.

"कुठी गेले होते?"

"जेवायला. झाडीत."

"सांगून नाई जाता येत?"

"सिस्टर, खाडीपलीकडे कसं सांगणार?"

त्यांनी माझं मनगट सोडलं. "हाव. तेबी खरं हाय." मग तिथंच वाळूत बसून त्यांनी भाकर खाल्ली.

परतीच्या वाटेवर सड्यावर पोचलो तेव्हा उजेड मावळत होता. या वेळी त्या पुढं गेल्या नाहीत, माझ्या बरोबरीनं चालत होत्या.

"वैशू, आलेल्या नाल्यात मी जन्मात कधी पाय घातला नाई."

"माहीत आहे."

"तुमी दिसून राहिले होते तवरोक मी मजेत होती. खरं सांगतो. पाखरं पाहत होती, समुद्र पाहत होती. एकटी बसाले मी भीत नाई. मंग पाहतो त तुमी नाई. मले वाटलं, आता मी हाय का नाई, हे कोणालेच माईत नाई. पाय कवा पाण्यात पडले, मलेच नाई समजलं." त्यांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली. "मिलिंदले हाव म्हणतो. या वयात नाल्यात उतराले लागली त मंग घराले काय चाटाचं हाय?"

अकोल्याला आल्यावर महिन्याभरात घराचा सौदा झाला. मिलिंद टेम्पो घेऊन आला. खरंच सोन्यासारखा मुलगा. आत्याची एकही वस्तू मजुरांना उचलू दिली नाही, कुकरसुद्धा स्वतः कपड्यात गुंडाळला. सामान चढवता चढवता सुधीरनं त्याला खाडीची गंमत सांगितली. छत्री डोक्यावर धरून सिस्टर पाण्यात कशा निघाल्या, याची नक्कलही करून दाखवली. मिलिंद हसला नाही. त्यानं वळून आत्याकडे पाहिलं आणि टेम्पोत त्यांच्यासाठी ठेवलेली उशी काढून नीट बसवली.

त्यांच्या घरात आता एक औषधविक्रेता राहतो. भला माणूस आहे, फाटकाशी येत नाही. माझं दूध उतू जात नाही. ही सोय झाली असं मला कधीच वाटलं नाही.

मध्यंतरी कामानं अमरावतीला गेले तेव्हा भेटायला गेले. मिलिंदची बायको सोनल हिनं दार उघडलं. सिस्टर सोफ्यावर बसल्या होत्या, अंगावर फिकट गुलाबी गाऊन, अंग भरलेलं, चेहऱ्यावर तुकतुकी. मी वाकताच अंगठा माझ्या पापणीवर आला, तेव्हा जरा बरं वाटलं. सोनलनं पोहे केले. सगळे आत्याची किती काळजी घेतात ते दिसतच होतं. पाणी कोमट, औषध वेळेवर. कुठं जायचं असलं की मिलिंद किंवा सोनल गाडीनं नेतात. मागच्या महिन्यात चिखलदऱ्यालाही नेऊन आणलं होतं.

"दरी पाहिली का?" मी विचारलं.

"पाहिली ना. गाडीतून."

"वारा फार होता," सोनल म्हणाली. "आणि आत्यांचं काही सांगता येत नाही. त्या खाडीचं ऐकल्यापासून हे त्यांना एकटं पाऊलही टाकू देत नाहीत."

सिस्टर हसल्या. कौतुकानंच हसल्या, त्यात काही खोटं नव्हतं. मी निघाले तेव्हा मात्र त्या उठल्या, कोपऱ्यापर्यंत येतो म्हणाल्या. सोनलनं माझ्याकडे पाहून मान हलवली, म्हणजे तुम्ही आहात तर ठीक. आम्ही फाटकाबाहेर पडलो. मी माझी चाल नेहमीसारखीच ठेवली आणि चार पावलांत लक्षात आलं, त्या मागं राहिल्या होत्या. मी थांबले. ज्या बाईच्या मागं मी सड्यावर धापा टाकत धावले होते, ती बाई कुंपणाच्या भिंतीला हात लावत येत होती.

"सुख हाय वं," जवळ आल्यावर त्या आपणहून म्हणाल्या. "बम सुख हाय. जरा खोकली त दोघं धावत येतात."

"मग चांगलं झालं ना, सिस्टर. कुणीतरी वाट पाहणारं मिळालं."

त्या थांबल्या. श्वास घेतला. "वाट पाहाले कोणीतरी गेलेलं पाहिजे ना पोरी. मी कुठी जातच नाई."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मिलिंद ऑफिसातून बोलत होता, सोनलनं कळवलं असणार. "हाव बापा, कोपऱ्यालोकच. हाव, वैशू हाय संगं. वापसच चाल्ली." फोन गाऊनच्या खिशात ठेवून त्यांनी माझ्या गालाला हात लावला आणि त्या वळल्या.

बसस्टँड उजवीकडे होतं. मी गेले नाही. कोपऱ्यावरून त्यांचं फाटक दिसत होतं आणि त्या तिथं पोचेपर्यंत मी उभी राहिले. फाटकाशी जाऊन त्यांनी मागं पाहिलं. मी अजून तिथंच आहे हे दिसल्यावर त्या आत गेल्या नाहीत, फाटकाला धरून उभ्या राहिल्या. मी हात वर केला, त्यांनी केला. मधला रस्ता अगदी रिकामा होता. मग सोनल बाहेर आली आणि त्यांच्या हाताला धरून त्यांना आत घेऊन गेली.